राहिलेला शेवट, राखलेला शेवट

युरोपातल्या एका शहरातला कॅफे. काळा चष्मा लावलेला पियानोवादक आकाश समोर बसलेल्या जुन्या मैत्रिणीला पुण्यात आपल्यावर काय गुदरलं ते सांगून संपवतो. ती हळहळते. ज्या बाईने तुझे डोळे घालवले तिचेच डोळे तू घ्यायला हवे होतेस, असं म्हणते. तो काही बोलत नाही. काठी टेकत बाहेर पडतो, रस्त्याने चालू लागतो आणि वाटेत पडलेला डबा काठीने नेमका टोलवतो. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (2018) तिथे संपतो.

त्याला दिसतं की नाही, हा प्रश्न त्या डब्याने सुटतो. पण लगेच दुसरा, जास्त अडचणीचा प्रश्न उभा राहतो: मग शेवटची काही मिनिटं पडद्यावर पाहिलं ते काय होतं? घडलेलं की रचलेलं? ‘अंधाधुन’ पाहिलेल्या चार माणसांना एकत्र बसवलं तर आजही यावर एकमत होत नाही. एक जण हा शेवट म्हणजे चित्रपटाचा कळस मानतो. दुसऱ्याला वाटतं, सव्वादोन तास इमानाने लक्ष दिल्यावर दिग्दर्शकाने उत्तर द्यायच्या वेळी हात झटकले. मानसिक थरारपटांच्या संदिग्ध, कलाटणी देणाऱ्या शेवटांबद्दलचा सगळा वाद या दोन माणसांमधला आहे.

(पुढे जाण्याआधी एक सूचना. शेवट न सांगता शेवटांची चर्चा करता येत नाही. इथे बरीच रहस्यं फुटणार आहेत.)

कलाटणी आणि संदिग्धता यांची नावं एका दमात घेतली जातात, पण त्यांचे स्वभाव उलटे आहेत. कलाटणी उत्तर देते, फक्त ते अनपेक्षित ठिकाणाहून येतं. एम. नाइट श्यामलन यांच्या ‘द सिक्स्थ सेन्स’मध्ये (1999) लहान मुलावर उपचार करणारा मानसतज्ज्ञ स्वतःच मेलेला आहे हे कळलं, की आधीचा प्रत्येक प्रसंग नव्याने लागतो आणि शंकेला जागा उरत नाही. संदिग्धता उत्तर रोखून धरते. दोन्ही एकत्र आणायचं म्हणजे प्रेक्षकाला ‘तुला वाटलं ते चूक होतं’ एवढं सांगायचं आणि बरोबर काय होतं ते सांगायचं नाही. असला सौदा प्रेक्षकाने का मान्य करावा?

बराच काळ तो त्याने मान्य करावा अशी अपेक्षाही नव्हती. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) आठवावा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट दोन वर्षांनी राज खोसलांनी ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत नेला. नायकाच्या डोळ्यांदेखत गेलेली बायको, आणि मीच ती असा दावा करत कोर्टात उभी राहिलेली हुबेहूब तशीच स्त्री. नायकाच्या मनाची पकड सुटत जाते तशी प्रेक्षकाचीही सुटते. पण चित्रपट संपताना जुळ्या बहिणीचा उलगडा होतो आणि सगळे धागे जागच्या जागी बसतात. त्या काळच्या रहस्यपटाचा हा करारच होता: हवं तेवढं फिरवा, पण शेवटी घरी आणून सोडा.

शेवट हे जपून ठेवायचं गुपित आहे, ही जाहिरातही त्याच काळातली. आंरी-जॉर्ज क्लूझो यांच्या ‘ले दियाबोलिक’च्या (1955) अखेरीस पडद्यावर चक्क विनंती येते की पाहिलेलं मित्रांना सांगू नका. हिचकॉकने ‘सायको’च्या (1960) वेळी चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका, असा दंडक थिएटरवाल्यांना घातला. पण त्याच ‘सायको’च्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून नॉर्मन बेट्सच्या मनात आई कशी राहत होती याचं सविस्तर व्याख्यान देतो. समीक्षक रॉजर एबर्ट यांना ते इतकं खटकलं, की त्यातलं बहुतेक काढून टाकायला हवं होतं असं त्यांनी लिहिलं. त्यांच्याशी असहमत होणं कठीण आहे. व्याख्यान संपल्यावर नॉर्मन एकटा बसलेला दिसतो, आईचा आवाज ऐकू येतो आणि चेहऱ्यावर ते हसू उमटतं. डॉक्टरांच्या सगळ्या वाक्यांपेक्षा ती काही सेकंदं जास्त सांगून जातात.

उत्तर देण्याची सक्ती कशी अंगाशी येते, याचा नमुनाही हिचकॉकच्याच खात्यावर आहे. ‘सस्पिशन’ (1941) ज्या कादंबरीवर बेतला, त्या फ्रान्सिस आइल्सच्या ‘बिफोर द फॅक्ट’मध्ये नवरा खुनी असतो आणि ते ठाऊक असूनही बायको त्याने आणलेलं विष पिते. चित्रपटात तो नवरा कॅरी ग्रँट होता. एवढ्या लाडक्या नटाला खुनी ठरवणं निर्मितीसंस्थेच्या पचनी पडणारं नव्हतं. मग शेवटच्या काही मिनिटांत मोटारीतला एक प्रसंग आणि घाईघाईचा खुलासा: बिचारा निर्दोष आहे, सगळा तिच्या मनाचा खेळ. हिचकॉकने पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना आपल्या मनातला शेवट सांगितला. बायको आईला पत्र लिहून नवऱ्याचा गुन्हा कळवते, ते त्याच्याच हाती पोस्टात टाकायला देते, दूध पिऊन मरते, आणि तो शीळ घालत पत्र पेटीत टाकतो. हा शेवट संदिग्ध नाही, पण तो आधीच्या प्रत्येक प्रसंगाशी प्रामाणिक आहे. पडद्यावर आलेला शेवट त्या प्रसंगांना खोटं पाडतो. जिना चढताना ग्रँटच्या हातातलं दूध उजळून निघावं म्हणून हिचकॉकने पेल्यात दिवा ठेवला होता. तो पेला पाहून अंगावर आलेला काटा शेवटच्या खुलाशाने जात नाही. म्हणून अनेकांना ‘सस्पिशन’ आजही उघडाच राहिल्यासारखा वाटतो, दिग्दर्शकाने तसा ठेवलेला नसतानाही.

याच्याही मागे गेलं, तर गाठ पडते ती ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’शी. रॉबर्ट वीनचा हा जर्मन मूकपट फेब्रुवारी 1920 मध्ये बर्लिनमध्ये झळकला. जत्रेत झोपेत चालणाऱ्या माणसाचे खेळ करणारा आणि त्याच्याकडून खून करवणारा डॉक्टर प्रत्यक्षात वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख निघतो. शेवटी कळतं की ही गोष्ट सांगणारा तरुण, फ्रान्सिस, त्याच इस्पितळातला रुग्ण आहे. म्हणजे सगळा भ्रम होता. पटकथालेखक हान्स यानोविट्झ आणि कार्ल मायर यांची मूळ कथा सत्तेवर हल्ला चढवणारी होती आणि वरून चढवलेल्या या चौकटीने तिची धार घालवली, असा आरोप सिगफ्रीड क्राकाउअर यांनी 1947 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात केला. पुढे पटकथेची जुनी प्रत सापडली तेव्हा तिच्यातही चौकट होती, फक्त वेगळी. हा वाद अभ्यासकांनी खेळावा. साध्या प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच, की शेवटी आपण ‘खऱ्या’ जगात परतलो तरी इस्पितळाच्या भिंती आणि अंगणातल्या रेषा भ्रमातल्यासारख्याच वाकड्या आहेत. भ्रम संपला असेल तर भिंती सरळ का झाल्या नाहीत? आणि ‘आता मला याचा आजार कळला, मी याला बरा करू शकेन’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर विश्वास का बसत नाही? संदिग्ध कलाटणीचं जवळजवळ सगळं व्याकरण इथे शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवलेलं आहे.

‘अंधाधुन’कडे परतायचं कारण तो पुण्यात घडतो एवढंच नाही. राघवन यांना पुणं शाळेपासून ठाऊक, पुढे तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले. त्यामुळे फ्लॅट, लिफ्ट, शेजारीण, रिक्षावाला, लॉटरीची तिकिटं विकणारी मावशी हे सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीतच भीती शिरते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त मोलाची आहे ती त्याची जन्मकथा. हा चित्रपट ओलिव्हिए त्रेनेर यांच्या ‘लाकोर्दर’ (2010) या फ्रेंच लघुपटावरून सुचला. त्यातही आंधळा असल्याचं सोंग घेणारा पियानोदुरुस्तीवाला एका प्रेताच्या शेजारी येऊन बसतो. खुनी बाई हत्यार घेऊन त्याच्या पाठीशी उभी राहते, तो वाजवत राहतो, आणि लघुपट तिथेच थांबतो. ती मारणार की नाही, हे सांगत नाही.

तो शेवटही उघडा आणि हाही उघडा, पण त्यांची जात वेगळी आहे. ‘लाकोर्दर’ पुढे काय होईल हे दडवतो. ‘अंधाधुन’ आधी काय झालं हे दडवतो. पहिल्या प्रकारात प्रेक्षक श्वास रोखतो आणि थोड्या वेळाने सोडून देतो. दुसऱ्या प्रकारात त्याला मागे फिरून सगळं तपासावं लागतं.

तपासायला राघवन यांनी सामान भरपूर ठेवलं आहे. चित्रपटाची सुरुवातच ‘मोठी गोष्ट आहे, कॉफी घेऊ या’ अशा अर्थाच्या बोलण्याने होते, म्हणजे पाहतोय ते कुणीतरी सांगतंय हे पहिल्याच मिनिटाला कानावर पडलेलं असतं. लगेच कोबीच्या शेतात एका डोळ्याने अधू ससा आणि त्याच्या मागे लागलेला शिकारी दिसतो. हा ससा शेवटी आकाशच्या मदतीला येतो: शिकाऱ्याचा नेम चुकतो, ससा उसळून मोटारीच्या काचेवर आदळतो आणि आकाशला चिरडायला निघालेली सिमी, त्याचे डोळे घालवणारी तीच बाई, गाडीसकट संपते. फारच सोयीचा ससा. आणि कॅफेतून बाहेर पडणाऱ्या आकाशच्या काठीची मूठ पाहावी, ती सशाच्या डोक्याची आहे. गाडीत सोबत असलेल्या डॉ. स्वामीने सिमीचे अवयव विकण्याचा आणि तिचे नेत्रपटल आकाशला देण्याचा बेत मांडला होता. आकाश सांगतो की आपण नकार दिला. त्या गाडीतली दुसरी दोन्ही माणसं आता हयात नाहीत. साक्षीदार एकच उरतो, आणि तो चित्रपटाच्या पहिल्या प्रसंगापासून खोटं बोलत आलेला आहे.

इथे राघवन यांचा हिशेब चोख आहे. चित्रपटातल्या कितीतरी प्रसंगांत आकाश हजरच नसतो: उदाहरणार्थ, इन्स्पेक्टर मनोहरच्या घरातली भांडणं. ते कॅमेऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर दाखवले आहेत. सिमीचा गुन्हा, आकाशचं सोंग, मग प्रसादातून आलेलं खरं अंधत्व, यांवर शंका घ्यायला फारसा वाव नाही. शंका एका मोटारप्रवासापुरती आवळलेली आहे. आणि त्या शंकेची दोन्ही उत्तरं पूर्ण चित्रपट देतात. नकार खरा असेल, तर नशिबाने वाचलेल्या आणि तरीही सोंगाची सवय न सुटलेल्या कलावंताची ही गोष्ट. नकार खोटा असेल, तर डोळ्यांसाठी बाई मारू देणाऱ्या आणि त्यावर करुण कहाणी रचून सहानुभूती मिळवणाऱ्या माणसाची. काहीही धरलं तरी आकाश समोर बसलेल्या सोफीशी खोटंच बोलतो आहे, कारण त्याला दिसतं. माणूस कोण आहे हे ठरलेलं, त्याने किती केलं हे न ठरलेलं.

कुठला संदिग्ध शेवट टिकतो आणि कुठला फसतो, याचा अंदाज इथून बांधता येतो. एक हिशेब पूर्ण चुकता केला असेल तरच दुसरा उधार ठेवता येतो. ‘इन्सेप्शन’चा (2010) भोवरा पडतो की फिरतच राहतो यावर लोकांनी रात्री जागवल्या. क्रिस्टोफर नोलन 2015 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पदवीदान भाषणात म्हणाले की महत्त्वाचं ते नाही, नायक कॉब भोवऱ्याकडे पाठ फिरवून मुलांकडे गेला हे आहे. जग खरं की स्वप्न हे उधार. कॉबची खातरजमा करण्याची गरज संपली हे चुकतं केलेलं. मार्टिन स्कोर्सेसींच्या ‘शटर आयलंड’मध्ये (2010) उलटा व्यवहार आहे. तपास करायला आलेला मार्शल हाच तिथला रुग्ण, हे चित्रपट स्वच्छ सांगतो. उघडं राहतं ते त्याचं मन: शेवटी तो पुन्हा भ्रमात गेला, की शुद्धीवर असून राक्षस म्हणून जगण्यापेक्षा शस्त्रक्रियेची सुई त्याने स्वतः पत्करली? ही शंका पेरणारं त्याचं शेवटचं वाक्य डेनिस लेहेन यांच्या मूळ कादंबरीत नाही. चित्रपटासाठी घातलेल्या त्या एका वाक्याने पूर्ण उलगडलेलं रहस्य पुन्हा जिवंत केलं.

राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन?’बद्दल (1999) मात्र हात आखडता घ्यावासा वाटतो. पाऊस, एकटं घर, टीव्हीवर मोकाट खुन्याची बातमी, दारात आगंतुक मनोज वाजपेयी आणि घरात निनावी ऊर्मिला मातोंडकर. अनुराग कश्यप यांची पटकथा तीन पात्रांवर, गाण्यांशिवाय, दीड तास दम धरते. खुनी तीच, ही कलाटणीही झकास बसते. पण ती कोण, का मारते, याबद्दल चित्रपटाकडे काही नाही, आणि ते नसणं राखून ठेवल्यासारखं न वाटता राहून गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा पाहताना ऊर्मिलाचा अभिनय तपासायला मजा येते, माणूस म्हणून ती काही वाढत नाही.

दिग्दर्शकाला हवं त्यापेक्षा जास्त संदिग्ध झालेला शेवट हाही एक स्वतंत्र अपघात. मेरी हॅरन यांनी ‘अमेरिकन सायको’चा (2000) शेवट मोकळा ठेवला, पण बरेच प्रेक्षक ‘सगळं त्याच्या डोक्यातच होतं’ म्हणत बाहेर पडले. तो आपला हेतू नव्हता आणि जोर चुकीच्या जागी पडला, असं हॅरन यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. नायक बेटमनचे गुन्हे कल्पनेतले ठरले, की भोवतालचा निर्ढावलेला पैसेवाला समाज आपोआप निर्दोष सुटतो, आणि चित्रपटाचा राग तर त्या समाजावर होता. ‘ते स्वप्न होतं’ हे उत्तर म्हणूनच सगळ्यात स्वस्त आहे. ते सगळंच रद्द करतं.

बाजाराचं गणित याहून सरळ आहे. अमेरिकेत पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्यांकडून गुण घेणाऱ्या ‘सिनेमास्कोर’च्या सर्वांत खालच्या ‘एफ’ श्रेणीत विल्यम फ्रीडकिन यांचा ‘बग’ आणि डॅरेन अरोनॉफ्स्की यांचा ‘मदर!’ हे दोन्ही आहेत. याच श्रेणीत ‘द डेव्हिल इन्साइड’ही (2012) आहे. तो भयपट, पण त्याचा शेवट या चर्चेत हटकून येतो: ऐन मोक्याला पडदा काळा होतो आणि पुढची माहिती हवी असेल तर अमुक वेबसाइट पाहा, असं लिहून येतं. दहा लाख डॉलरांच्या आसपास खर्चाच्या त्या चित्रपटाने पहिल्या तीनच दिवसांत तीन कोटींहून अधिक डॉलर गोळा केले आणि शिव्याही तेवढ्याच. वेबमालिकांच्या दिवसांत ही युक्ती सभ्य झाली आहे. शेवट मोकळा ठेवलाय म्हणतात तेव्हा पुष्कळदा दुसऱ्या सीझनची जागा अडवलेली असते.

मग रहस्य कळलं की मजा जाते, हे गृहीतक तरी कितपत खरं? सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी 2011 मध्ये वाचकांना बारा कथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. ज्यांना शेवट ठाऊक होता त्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलटही आढळलं, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. पण हिचकॉकला हे प्रयोगाआधी ठाऊक होतं. ‘व्हर्टिगो’त (1958) जूडी हीच मॅडलिन, हे त्याने शेवटाच्या बरंच आधी प्रेक्षकाला सांगून टाकलं. बुआलो-नार्सेजाक यांच्या कादंबरीत ते गुपित अखेरीस फुटतं. रहस्य लवकर उधळल्यावर पाहायला उरतो तो नायक स्कॉटीचा हट्ट: एका जिवंत बाईला मेलेल्या बाईचे कपडे, केस, चाल चढवण्याचा. ‘साइट अँड साउंड’च्या 2012 च्या जगभरच्या समीक्षकांच्या कौलात ‘व्हर्टिगो’ पहिला आला, तो कलाटणीच्या जोरावर नव्हे.

अलीकडच्या काळात संदिग्धतेचा सर्वांत कसून विचार झाला तो जस्टिन त्रिए यांच्या ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’मध्ये (2023). नवरा खिडकीतून पडला की बायकोने ढकलला? अभिनेत्री सांड्रा ह्यूलरने दिग्दर्शिकेला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं नाही. निर्दोष असल्यासारखी भूमिका कर, एवढंच सांगितलं गेलं. कोर्ट तिला सोडतं, पण चित्रपटाचं लक्ष अधू नजरेच्या अकरा वर्षांच्या मुलावर आहे. खरं काय ते कळण्याचा मार्ग नाही आणि साक्ष तर उद्या द्यायची आहे. कळत नसेल तर ठरवावं लागतं, असं त्याला सांगितलं जातं. इथे शेवट राखून ठेवण्याची युक्तीच उरत नाही. न कळणं हाच मुळी कथेचा विषय आहे.

आणि एक उदाहरण असं, की ज्यात शेवट चित्रपटाबाहेर येऊन लागला. बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (2003) दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात 1986 ते 1991 दरम्यान झालेल्या, न उलगडलेल्या खुनांवर बेतलेला आहे. खुनी सापडत नाही. कैक वर्षांनी माजी पोलीस पहिलं प्रेत मिळालेल्या जागी येतो. एक लहान मुलगी सांगते की मागे आणखी एक माणूस इथे डोकावून गेला. कसा होता? साधा, कुणासारखाही. साँग कांग-हो वळून थेट कॅमेऱ्यात पाहतो. खुनी कधीतरी हा चित्रपट पाहायला येईल आणि ती नजर त्याच्या नजरेला भिडेल, हा बाँग यांचा हिशेब होता. सोळा वर्षांनी, 2019 मध्ये, जपून ठेवलेल्या पुराव्यांच्या डीएनए तपासणीतून खुनी निष्पन्न झाला. तो दुसऱ्याच खुनासाठी 1994 पासून तुरुंगात होता.

आता ‘कोण?’ हा प्रश्न उरलेला नाही, तरी चित्रपट जुना झाला नाही. त्याने जे ठामपणे दाखवलं होतं, ते वेगळंच होतं: हातात काही नसलेले पोलीस, लाथाबुक्क्या, गयावया करणाऱ्या संशयितांकडून वदवून घेतलेले कबुलीजबाब. या मालिकेतल्या आठव्या खुनासाठी एका निरपराध माणसाने जवळपास वीस वर्षं तुरुंगात काढली होती. खऱ्या खुन्याने तोही गुन्हा कबूल केल्यावर खटला पुन्हा उघडला गेला आणि डिसेंबर 2020 मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. त्याचाही कबुलीजबाब पोलिसांनी मारझोड करूनच घेतला होता.